तलफेचे मूळ आणि शपथेची मर्यादा

जागतिक तंबाखूविरोधी दिन दरवर्षी ३१ मे रोजी येतो. २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन आणि २ ऑक्टोबरपासून व्यसनमुक्ती सप्ताह. तिन्ही प्रसंगी हात पुढे करून शपथ घेतली जाते. (त्यातही ३१ मे रोजी विदर्भातील शाळा उन्हाळी सुटीमुळे बंद असतात आणि शपथ बहुधा कार्यालयांतील कर्मचारीच घेतात, हा भाग वेगळा.) शपथ घेणाऱ्यांपैकी बहुतेकांची भावना त्या क्षणी खरी असते. कोणी ढोंग करीत नाही. तरीही तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोच मनुष्य पानठेल्यासमोर उभा दिसतो, आपल्याला पाहून मान वळवितो आणि पुढच्या कार्यक्रमास येत नाही. पुडीपेक्षाही त्याचे हे न येणे आपल्या कामाला अधिक महाग पडते. असे का घडते याचा विचार आपण आजवर नीतीच्या अंगाने पुष्कळ केला. शरीराच्या अंगाने तो फारसा केलेला नाही.

वाशिम जिल्ह्यातील वाचकाला खर्रा म्हणजे काय हे सांगण्याची आवश्यकता नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी एवढे सांगितले पाहिजे की बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र करून, पन्नीत घालून, तो तळहाताने किंवा यंत्राने घोटला जातो आणि पुडी बांधून विकला जातो. रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा आणि खुद्द वाशिम या सहाही तालुक्यांत सोयाबीनची सोंगणी असो, तुरीचा हंगाम असो वा आठवडी बाजार असो, माणसाला पाणी विचारावे तितक्या सहजतेने तंबाखू विचारली जाते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करणारे आढळले. धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते आणि तोंडात तंबाखू धरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपला प्रश्न धुराचा नाही, गालफडातल्या गोळ्याचा आहे. तरी तंबाखूविषयीचे बहुतेक लेखन सिगारेट समोर ठेवून होते आणि खर्रा खाणारा ते वाचून ‘हे आपल्याबद्दल नाही’ असे म्हणतो.

शासनाने कायद्याचा मार्ग पत्करलेला आहेच. महाराष्ट्रात २००२ साली गुटख्यावर बंदी आली. २००४ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. पुढे अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे २०१२ मध्ये ती पुन्हा आणली गेली आणि नंतर दरवर्षी वाढविली गेली. २००३ च्या केंद्रीय कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस मनाई आहे. हे सर्व आवश्यक होते. परंतु गुटखा कारखान्यात तयार होतो आणि खर्रा ठेल्यावर, गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत तयार होतो. बंदीचा हात कारखान्यापर्यंत जितक्या सहज पोहोचतो तितका घोटणाऱ्या तळहातापर्यंत पोहोचत नाही.

आता शरीराकडे वळू. मेंदू म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कवटीखालचा वळ्यावळ्यांचा मोठा भाग येतो. विचार, भाषा, हिशेब, निश्चय ही त्याची, विशेषतः त्याच्या पुढील भागाची कामे. शपथ तेथे घेतली जाते. या मोठ्या मेंदूच्या खाली, मज्जारज्जूशी त्याला जोडणारा, अंगठ्याएवढा एक देठ आहे. त्याला मस्तिष्कस्तंभ म्हणतात. त्याचे तीन मजले आहेत. सर्वांत वर मध्यमस्तिष्क, त्याखाली सेतू म्हणजे पॉन्स आणि सर्वांत खाली मस्तिष्कपुच्छ. श्वास, हृदयाचे ठोके, गिळणे, ओकारी, झोप व जाग हा शरीराचा न बोलता चालणारा संसार येथून चालतो. आपण झोपेत असताना श्वास घेण्याची आठवण आपल्याला कोणी करून द्यावी लागत नाही, ती याच्या कृपेने. तंबाखूची आणि कोकेनची पकड समजून घ्यावयाची तर या देठापासून प्रारंभ करावा लागतो.

पहिल्यांदा तंबाखू खाणाऱ्याला काय होते हे आपल्याकडे एका क्रियापदात सांगितले जाते. ‘लागली’ म्हणतात. डोके गरगरते, थंड घाम सुटतो, तोंडाला पाणी सुटते आणि ओकारी येते. मस्तिष्कपुच्छात एक छोटेसे स्थान आहे, तेथे रक्त आणि मेंदू यांच्यामधली एरवीची संरक्षक भिंत विरळ असते. रक्तात विष आले तर ते ओळखून ओकारी करविणे हे त्याचे काम. निकोटीन हे तंबाखूच्या झाडाने कीटकांपासून स्वसंरक्षणार्थ तयार केलेले विष आहे आणि मस्तिष्कपुच्छ त्याला विष म्हणूनच वागविते. नवख्या मुलाची ‘लागली’ म्हणून मित्रमंडळी थट्टा करतात, ‘सवय होईल’ म्हणून धीर देतात. वास्तविक तो शरीराचा पहिला आणि सर्वांत प्रामाणिक नकार असतो. दुर्दैवाने हा राखणदार लवकर थकतो. काही दिवसांच्या सेवनाने ओकारीची प्रतिक्रिया बोथट होते आणि मुलगा म्हणतो, आता मला झेपते.

राखणदार खालच्या मजल्यावर थकतो, तोवर वरच्या मजल्यावर निराळेच काही घडू लागलेले असते. मध्यमस्तिष्कात ‘व्हेंट्रल टेगमेंटल एरिया’ नावाचा पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. येथील पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात आणि आपले लांब तंतू वरच्या मेंदूत पाठवून तेथे ते सोडतात. मानवी मेंदूत चेतापेशींची संख्या सुमारे ८,६०० कोटी आहे. मध्यमस्तिष्कातील डोपामिनच्या पेशी त्यात जेमतेम चार ते सहा लाख. लोकसंख्येच्या मानाने नगण्य असलेल्या या वस्तीचा अंमल मात्र मोठा आहे. भुकेल्याला अन्न मिळाले, तहानलेल्याला पाणी मिळाले, म्हणजे ‘हे लक्षात ठेव, पुन्हा कर’ अशी खूण ती वरच्या मेंदूला करते. ही खूण नसती तर प्राणी जगलाच नसता.

या पेशींना जागे करण्याचे नैसर्गिक काम ज्या केंद्रांकडे आहे त्यांपैकी काही त्याच देठात, मध्यमस्तिष्क व सेतूच्या सीमेवर आहेत. ती ॲसिटिलकोलीन हे रसायन पाठवितात. त्या रसायनासाठी डोपामिन-पेशींवर कुलपे बसविलेली असतात आणि निकोटीन म्हणजे त्या कुलपांना नेमकी बसणारी चोरकिल्ली. यात रूपकापेक्षा इतिहास अधिक आहे. पेशीवर औषधाला स्वीकारणारी विशिष्ट जागा असते, ही आधुनिक औषधशास्त्राची पायाभूत कल्पना केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी १९०५ मध्ये मांडली, ती निकोटीनवरच्या प्रयोगांतून. तंबाखूने जगाला जे थोडेफार दिले त्यात ही कल्पना धरावी लागेल.

चोरकिल्ली नेमकी कोठे चालते हे सिद्ध होण्यास मात्र शतक उलटावे लागले. १९९८ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेशी संबंधित संशोधकांनी या कुलपाचा एक घटक जन्मतःच नसलेले उंदीर तयार केले. ते उंदीर निकोटीन मिळविण्याचा प्रयत्नच करीत ना. २००५ मध्ये त्याच संस्थेतील चमूने तो घटक केवळ मध्यमस्तिष्कातील त्या एका पुंजक्यात परत बसविला. उरलेला सारा मेंदू तसाच ठेवला. निकोटीनची ओढ परत आली! एवढ्या मोठ्या मेंदूपैकी एवढीशी जागा, आणि ओढ असण्या-नसण्याचा फरक तेथे.

कोकेनचे नाव वाशिमच्या वाचकाला चित्रपटातले वाटेल. त्याला आपल्या जिल्ह्यात कोण विचारतो, असा प्रश्न पडेल. परंतु या देशात कोकेन प्रथम पसरले ते कोणत्याही मद्यगृहातून नव्हे, पानाच्या दुकानातून. १८६० च्या सुमारास जर्मनीत हा पदार्थ कोकाच्या पानांतून वेगळा काढण्यात आला. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेत बधिरतेसाठी त्याचा उपयोग दाखविला आणि थोड्याच वर्षांत तो भारतात पोहोचला. येथे लोक तो विड्यात घालून खाऊ लागले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी कोलकाता आणि मुंबईसारख्या शहरांत ही सवय एवढी बोकाळली की सरकारला निर्बंध आणावे लागले. कोलकात्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतील रामनाथ चोप्रा यांनी तिचा अभ्यास करून ठेवला आहे. विड्यात पान होते, कात होता आणि चुना होता.

चुना येथे का महत्त्वाचा? तो नुसता चवीसाठी नसतो. निकोटीन काय किंवा कोकेन काय, दोन्ही अल्कली जातीची द्रव्ये आहेत. तोंडातील साध्या लाळेत त्यांचा बराचसा भाग विद्युतभारित रूपात राहतो आणि त्या रूपात तो तोंडाच्या अस्तरातून सहज पार होत नाही. चुन्याने लाळ अल्कधर्मी होते, द्रव्य भारमुक्त होते आणि अस्तरातून रक्तात उतरते. दक्षिण अमेरिकेतील डोंगराळ प्रदेशातले लोक कोकाची पाने चघळताना राख किंवा चुना घेतात, मुंबईचा कोकेनबाज विड्याला चुना लावीत असे, आणि आपल्याकडे डबीच्या एका बाजूला तंबाखू तर दुसऱ्या बाजूला चुना असतो. एकमेकांना कधीही न भेटलेल्या तीन लोकसमूहांनी रसायनशास्त्राचा एकही धडा न शिकता मेंदूचे दार उघडण्याची तीच युक्ती शोधून काढली. माणसाच्या बुद्धीचे कौतुक करावे की तिची कीव करावी, हे ज्याने त्याने ठरवावे. खर्ऱ्यात तर सुपारीही असते आणि तिच्यातील अरेकोलिन हे द्रव्यही त्याच जातीच्या कुलपांशी काही प्रमाणात झोंबते, असे २०१५ मध्ये फ्लोरिडातील संशोधकांनी दाखविले. म्हणजे ‘तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी खातो’ असे म्हणणाऱ्याचा अर्धा पाय दारात अडकलेलाच असतो. तोंडाच्या अस्तराला ताठरपणा येऊन ते उघडेनासे होते ते प्रामुख्याने सुपारीमुळे; आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच सुपारीला कर्करोगकारक ठरविले आहे.

निकोटीन आणि कोकेन यांची रीत निराळी आहे. एक नळ उघडतो, दुसरे मोरी बुजविते. निकोटीन मध्यमस्तिष्कातील पेशींना डोपामिन सोडावयास लावते. सोडलेले डोपामिन पेशी परत शोषून घेते, ती शोषण्याची वाटच कोकेन बंद करते. पाणी दोन्ही रीतींनी साचते. कोकेनमध्ये ते वेगाने व फार साचते, म्हणून त्याचा झटका मोठा. तंबाखूत ते हळूहळू, दिवसातून वीस वेळा, वर्षानुवर्षे साचते. कोणती रीत अधिक घातक, याचे उत्तर दवाखान्यातील तोंडाच्या कर्करोगाच्या विभागात उभे राहून द्यावे लागेल.

आणि या देठाला स्मरण असते. २००१ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांना कोकेनची एकच मात्रा दिली. मध्यमस्तिष्कातील त्या पेशींचे जोड त्या एका मात्रेने बळकट झाले आणि पाच दिवसांनंतरही तसेच आढळले. २००३ मध्ये आणखी एक प्रयोग झाला. मॉर्फिन, मद्य आणि निकोटीन यांच्या एकेका मात्रेने तोच बदल घडतो असे त्यात दिसून आले. याच प्रयोगातील आणखी एक निष्कर्ष मला सर्वांत विचार करावयास लावणारा वाटतो. कोणतेही द्रव्य न देता काही उंदरांना केवळ थंड पाण्यात पोहावयास लावून ताण दिला गेला. त्यांच्याही पेशींत तीच खूण उमटली. उंदरावरून माणसावर एकदम उडी मारू नये हे खरे. परंतु कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या, पावसाच्या एका खंडाने वर्ष बुडणाऱ्या कुटुंबातील तरुणाला तलफ का सुटत नाही, याचा विचार करताना हा प्रयोग मला वारंवार आठवतो. ‘एकदा खाल्ल्याने काय होते’ या प्रश्नाचे उत्तरही त्यात आहे.

आता शपथेचा तिसरा दिवस. शरीरातील निकोटीन साधारण दोन तासांत निम्मे होते. रात्रीच्या झोपेत ते बरेच उतरते, म्हणून सकाळची पहिली पुडी सर्वांत गोड लागते. एखाद्याचे व्यसन किती खोल आहे हे ओळखण्याचा जगभर वापरला जाणारा एक साधा प्रश्न यावरच बेतलेला आहे : उठल्यावर किती मिनिटांत पहिली पुडी लागते? पाच मिनिटांत लागत असेल तर केवळ उपदेशाने भागणार नाही असे समजावे. दीर्घ सेवनाने मेंदूतील त्या कुलपांची संख्या वाढलेली असते. तंबाखू बंद होताच ही सारी कुलपे एकदम रिकामी होतात. मध्यमस्तिष्काच्या बुडाशी असलेले आणखी एक केंद्र, जे एरवी निकोटीन फार झाले की ‘पुरे’ म्हणते, तेच आता अस्वस्थता, चिडचिड आणि बेचैनी उत्पन्न करते. उंदरांवरील प्रयोगांत हे केंद्र निष्प्रभ केले असता ही लक्षणे दिसेनाशी झाली. माणसात ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचतात आणि तीन-चार आठवड्यांत ओसरतात. वाढलेली कुलपे पूर्ववत होण्यास मात्र सुमारे दीड ते तीन महिने लागतात.

आपले कार्यक्रम या कालगणनेशी जुळतात का, हे तपासून पाहावे. आपण शपथेच्या दिवशी मंडप घालतो, वक्ता आणतो, छायाचित्र काढतो. खरी लढाई जेव्हा तुंबळ होते त्या तिसऱ्या दिवशी त्या मनुष्याबरोबर घरच्यांखेरीज कोणी नसते, आणि घरचे त्याच्या चिडचिडीने त्रासून ‘खा बाबा एकदाची’ असे म्हणू लागलेले असतात. गाडगेबाबांनी आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी या विदर्भात व्यसनांविरुद्ध जे काम केले ते माणसांत राहून केले. कीर्तन किंवा भजन हे त्यातील दृश्य टोक होते. आपण ते टोक तेवढे उचलले, अशी शंका येते.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे आणि तो गंभीरपणे घेण्यासारखा आहे. व्यसनाचे खापर मेंदूच्या देठावर फोडले तर माणसाची जबाबदारी संपली काय? संस्कार, संयम, निग्रह यांचे मोल राहिले कोठे? उद्या प्रत्येक जण म्हणेल, माझे मध्यमस्तिष्कच तसे आहे. असे म्हणणारे निघतील, यात संशय नाही. शिवाय व्यसन हा मेंदूचा आजार म्हणावा की नाही यावर शास्त्रज्ञांतही मतभेद आहेत, आणि सगळे काही देठातच घडते असेही नाही. मोठ्या मेंदूच्या आत ‘इन्सुला’ नावाचा भाग आहे. पक्षाघाताने तो निकामी झालेल्या काही रुग्णांची धूम्रपानाची इच्छाच नाहीशी झाल्याचे २००७ मध्ये नोंदविले गेले. व्हिएतनाम युद्धात हेरॉइनच्या आहारी गेलेल्या अमेरिकी सैनिकांचा मागोवा ली रॉबिन्स यांनी घेतला. मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांपैकी शंभरात सुमारे पाचच पुन्हा पूर्णपणे व्यसनाधीन झालेले आढळले. मेंदू तोच होता, भोवताल बदलला होता.

परंतु या उदाहरणांवरून निग्रहाचे मोल कमी होत नाही, त्याची जागा कळते. वोल्फराम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मध्यमस्तिष्कातील डोपामिन-पेशींचे ठोके मोजले. प्रथम फळांचा रस मिळताच त्या पेशी उसळत. रस मिळण्यापूर्वी दिवा लागतो हे माकड शिकले, तशा त्या रसाला सोडून दिव्यालाच उसळू लागल्या. खर्रा खाणाऱ्याचा दिवा कोणता? पन्नीचा चुरचुर आवाज, घोटण्याची लय, जेवणानंतरचा हात धुण्याचा क्षण, एस.टी. स्थानकाबाहेरचा तो विशिष्ट ठेला. दिवा लागला की पेशी उसळणारच, तेथे निग्रहाचे काही चालत नाही. दिवा लागू न देणे मात्र निग्रहाच्या हातात आहे. वाट बदलणे, खिशातली डबी फेकून देणे, तीन महिने ठेल्यावरचा मित्र टाळणे, जेवण झाल्याबरोबर उठून कामाला लागणे, ही कामे वरचा मेंदू करू शकतो. निश्चयी माणसालासुद्धा आपण आजवर चुकीच्या ठिकाणी झुंजावयास पाठवीत होतो. तलफ आल्यावर तिच्याशी कुस्ती धरण्यापेक्षा ती येण्याआधी रस्ता बदलणे, यातही संयमच आहे.

पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले, तेव्हा गर्दच्या व्यसनाने महाराष्ट्रातील घरे उद्ध्वस्त होत होती. व्यसनी मनुष्य हा गुन्हेगार नसून मदतीस पात्र असलेला मनुष्य आहे, ही दृष्टी त्या कामाने मराठी समाजाला दिली. गर्दुल्ल्याला आपण ती लागू केली. खर्रा खाणाऱ्याला अद्याप केलेली नाही, कारण त्याचे व्यसन आपल्याला व्यसन वाटतच नाही. मिश्री लावणाऱ्या आजीबद्दल तर बोलावयासच नको.

मुलांविषयी एक गोष्ट वेगळी सांगावयास हवी. २००० सालचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्यांपैकी एक, एरिक कँडेल, यांनी पत्नी डेनिस व इतर सहकाऱ्यांसह २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना सात दिवस पाण्यातून निकोटीन देऊन नंतर कोकेन दिले असता कोकेनचा परिणाम कितीतरी वाढला. क्रम उलटा केला असता तसे झाले नाही. वाशिमच्या मुलाला उद्या कोकेन मिळेल असे मला सुचवावयाचे नाही. परंतु शिकावयास किंवा नोकरीसाठी तो नागपूर, पुणे, मुंबई गाठतो आणि तेथे काय काय मिळते हे पालकांना ठाऊक असते. मेंदूची जमीन आधी कोणी नांगरून ठेवली होती, हे मात्र कोणी विचारीत नाही.

मग करावे काय? उपाय आहेत आणि ते स्वस्त आहेत, हेच खेदाचे. चोरकिल्ली एकदम काढून घेण्याऐवजी तेच निकोटीन तंबाखूवाचून, थोड्या व घटत्या मात्रेत देणे, याला निकोटीन-पर्यायी उपचार म्हणतात. तो २०२२ मध्ये राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आला. २ मिलिग्रॅमची चघळण्याची गोळी औषधांच्या दुकानात चिठ्ठीवाचून मिळते. ती मात्र खर्ऱ्यासारखी सतत चघळावयाची नसते. थोडी चावून गालात ठेवावी लागते आणि तिच्या आधी पंधरा मिनिटे चहा किंवा आंबट काही घ्यावयाचे नसते. लाळ आम्लधर्मी झाली की औषध अस्तरातून उतरत नाही, चुन्याचा जो नियम तोच येथे उलट्या बाजूने. आपल्याकडे गोळी आणि चहा एकत्र घेऊन ‘काही उपयोग होत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. कुलपात अर्धवट बसणारे व्हॅरेनिक्लिन नावाचे औषधही आहे. ते २००६ पासून अमेरिकेत वापरात आले. ते वैद्यांच्या सल्ल्यानेच घ्यावयाचे. १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती साहाय्यवाहिनी २०१६ पासून विनाशुल्क आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा पातळीवर समुपदेशनाची तरतूदही आहे. वाशिमला तर आता, २०२४ पासून, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याला ते मिळावयास सव्वीस वर्षे लागली. तेथील विद्यार्थ्यांना खेड्यात पाठवावयाचे झाल्यास त्यांना प्रथम सकाळच्या पहिल्या पुडीचा तो प्रश्न विचारावयास शिकवावे.

कार्यकर्त्यांनी करावयाचे काम याहून साधे आहे. शपथेच्या कार्यक्रमात नावे लिहून घेतली जातातच. त्या नावांपुढे तीन तारखा लिहाव्यात : तिसरा दिवस, एकविसावा दिवस, नव्वदावा दिवस. तिसऱ्या दिवशी सायंकाळी, जेवणानंतरच्या वेळी, त्या घरी जावे आणि तासभर बसावे. खाल्लीस का, असे विचारू नये. खाल्ली असेल तर तो स्वतः सांगेल आणि सांगितले तर रागावू नये. पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजावे. घरच्यांना त्याची चिडचिड ही दोन आठवड्यांची पाहुणी आहे असे समजावून द्यावे.

एक तपासणी मात्र पहिल्याच भेटीत करून घ्यावी. त्याला तोंड पूर्ण उघडावयास सांगावे आणि त्याचीच तीन बोटे उभी आत जातात का ते पाहावे. जात नसतील तर सुपारीने अस्तर आवळण्यास प्रारंभ झालेला असण्याची शक्यता आहे आणि त्याला ताबडतोब दंतवैद्याकडे न्यावे. अशा माणसाला चघळण्याची गोळीही नीट वापरता येत नाही. त्याच्यासाठी त्वचेवर चिकटविण्याची निकोटीनची पट्टी मिळते. तालुक्याच्या औषधदुकानांत ती ठेवलेली असते का, एवढी चौकशी या आठवड्यात करून ठेवावी. नसेल तर मागवून घेण्यास सांगावे.